काढू नका

मावशीने मला एकच काम सांगितलं होतं. "तुन्ही माय इमानमा कशी बठस, ते मले पुरं दखाडजो. मधलं काही सोडू नको." मावशी खापर गावच्या घरात खाटेवर होती. मणक्याच्या दुखण्यानंतर कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून तिचं जग म्हणजे खाट, खिडकी आणि खिडकीतून दिसणारा रस्ता. आई तिची धाकटी बहीण. बंगळूरला माझ्या भावाने नवं घर घेतलं होतं, वास्तुशांतीला आई पहिल्यांदाच विमानाने निघाली होती आणि मी सोबत जाणार होते.

मावशीला काळजी होती ती तपासणीची. समोरच्या कापडदुकानातली शेठाणी वर्षातून दोनदा जोधपूरला विमानाने जाते. तिने मावशीला सांगून ठेवलं होतं की तिथं अंगावरचं सगळं काढून एका ताटात ठेवायला लावतात. आता आईच्या हातात चांदीचं एक कडं होतं आणि मावशीच्या हातात एक. मुळात ती जोडी. आजीने जाताना दोघींना वाटून दिलेली. तेव्हापासून दोघींनीही ते कधी उतरवलं नव्हतं.

"तठे काढाले लावतीन तं काय करशी व?" मावशीने विचारलं.

"मी काढाऊच नई," आई म्हणाली खरी, पण घरी आल्यावर गुपचूप साबण लावून बघितला. कडं काही निघालं नाही. मनगट मात्र टम्म सुजलं.

मी ठरवलं, तपासणी तर नक्कीच चित्रित करायची. एकतर मावशीला दाखवायला. आणि दुसरं, कुणी माझ्या आईशी दांडगाई केली तर पुरावा म्हणून. मी शहाद्याच्या शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. हक्कांचा धडा आला की पोरं जागी व्हायची आणि कर्तव्यांचा आला की पेंगायची, आणि खरं सांगायचं तर माझंही तसंच होतं.

चित्रण करायची हौस मला उशिरा लागली, त्यामागेही आई-मावशीच आहेत. लहानपणी सुट्टी लागली की आई मला घेऊन शहाद्याहून तळोदा आणि तिथून खापर अशी निघायची. स्टँडवर गाडी उभी राहायच्या आत तिचा रुमाल खिडकीतून आत गेलेला असायचा. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे रेंगाळत, धूळ खात आम्ही पोचायचो, तर मावशी फाट्यावर येऊन उभीच. तेव्हा ती ताठ चालायची, आईपेक्षा भरभर. माझी बॅग डोक्यावर आणि मी तिच्या कडेवर. मला ती चाल अजून दिसते, पण दाखवू कुणाला? त्या दिवसांचा एक फोटो नाही. कॅमेरा होताच कुणाकडे? मला त्याची फार हळहळ वाटते. म्हणून हातात मोबाइल आल्यापासून मी काहीही सोडत नाही. पोरं मला हसतात, हसू देत.

आम्हाला जवळचं विमानतळ गुजरातेतलं. भावाने फोनवर बजावलं होतं, म्हणून मिरचीची पूड मोठ्या बॅगेत गेली. तपासणीच्या रांगेपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथं एक टोपलीवजा ट्रे रिकामा दिसला, तेव्हा आईने पाणी प्यायला जाण्याआधी त्यात आपला रुमाल टाकला. परत आली तर ट्रे रुमालासकट यंत्रात जाऊन पलीकडे पोचलेला.

"मन्ही जागा कोनी लिधी?" आईने मागे वळून सगळ्या रांगेला विचारलं.

मी मोबाइल सुरूच ठेवला होता. आईचा नंबर आला. समोर ती धातू हुडकणारी चौकट, चौकटीपाशी वर्दीतली एक तरुण बाई. आईचा चेहरा पडला. तिने डावा हात पोटाशी धरला आणि उजव्या हाताने कडं ओढायला लागली. मला ते बघवेना. वर्दीतल्या बाईची नजर नेमकी तेव्हा माझ्या मोबाइलवर गेली, आणि ती जोरात ओरडली, "काढू नका! ओ मॅडम, काढू नका!"

बोलण्यावरून बाई विदर्भातली वाटली. माझ्या हातातला मोबाइल बघून मराठी कशी सुचली कोण जाणे, बहुतेक आईचं बोलणं कानावर पडलं असेल. पण आईने ते 'काढू नका' स्वतःसाठीच घेतलं. तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू! तिने कडं सोडलं, हात उंच करून मला दाखवला आणि मोठ्याने म्हणाली, "देख! ती बाईच सांगी ऱ्हायनी, काढू नका! किती भली शे!" आणि लग्नाच्या मांडवात शिरावं तशी त्या चौकटीत शिरली. चौकट किंचाळली.

बाई गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिला हसू आवरेना. तिने आईला पडद्याआड नेलं. आई नंतर सांगत होती, की बाईने हातातला तपासणीचा दांडा कड्यावरून फिरवला, सुजलेलं मनगट बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या आजी. मी सांगितलंच आहे ना, काढू नका."

माझी मात्र अशी सुटका नव्हती. पडद्याआडून बाहेर येताच ती माझ्याकडे वळली. "चित्रण पुसा."

"का? कुठल्या नियमात आहे?" माझ्यातली मास्तरीण उभी राहिली. "माझ्या आईचं चित्रण मी करते आहे. तुम्ही चांगलं वागलात, तेच दिसतंय त्यात."

तिने भिंतीवरची पाटी दाखवली. कॅमेरा आणि त्यावर लाल रेघ. मी वर छतावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "तो मघापासून माझं काढतोय. त्याला नाही का पाटी?"

"तो आमचा आहे," ती म्हणाली. यावर काय बोलणार! पण मी बोललेच. रांग थांबली. यंत्रं कशी चालतात, कोण कुठे उभं असतं, हे बाहेर जायला नको, असं तिने समजावलं. मला ते पटलं नव्हतं. आजही अर्धंच पटतं. ज्याची झडती घेतात त्याला बघायचा आणि लक्षात ठेवायचा हक्क असलाच पाहिजे, असं मला वाटतं. पण मग मागची एक बाई लेकीला जवळ ओढत म्हणाली, "मेरी बच्ची भी आ गई होगी आपके वीडियो में." मी मोबाइल खाली घेतला.

आई पुढे आली. वादाची तिला भीती वाटते, आमच्या गाडीत कंडक्टरशी कुणी भांडलं तरी ती खिडकीबाहेर बघते. "पुसी टाक," ती म्हणाली. "इमान निंघी जाई."

मी पुसलं. बाईने पुसलेल्या चित्रणांच्या कप्प्यातूनही पुसायला लावलं. कडं उंच धरून हसणारी माझी आई कायमची गेली. विमानात मी खिडकीकडे पाठ करून रडले. आई ढग बघण्यात गुंग होती, तिला कळलं नाही.

परत आल्यावर आम्ही खापरला गेलो. मावशीने आधी आईचा हात धरून कडं चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं. "दखाड."

मी खरं सांगितलं. तिचा चेहरा बारीक झाला. ती खिडकीकडे बघत राहिली. इतके दिवस ती त्याचीच वाट बघत होती, हे मला कळत होतं आणि माझ्याकडे दाखवायला विमानातून काढलेल्या ढगांशिवाय काही नव्हतं.

आई उठली. खाटेला लागून हात पसरून उभी राहिली. "हाई चौकट," दाराकडे बोट करून म्हणाली. "मी अशी उभी. तू ती पोलीसबाई." स्वयंपाकघरातून लाटणं आणून तिने मावशीच्या हातात दिलं.

मावशीने लाटणं उलटसुलट बघितलं. मग हळूहळू तिच्या तोंडावर रंग चढला. "हात वर कर! फिरी जाय!" ती दरडावू लागली. आई गरकन फिरली.

मी विचारलं, "मावशी, काढू का?"

"काढ ना! आठे कोन पोलीस शे?" आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की खोकला लागला.

ते चित्रण माझ्याकडे आहे. मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. आईला आठवण आली की ती मोबाइल मागून घेते आणि आम्ही दोघी बघतो. मावशी वाकलेल्या आईच्या खांद्यावरून, दंडावरून, कंबरेवरून लाटणं फिरवते. कड्यापाशी मुद्दाम तोंडाने कर्कश आवाज काढते. आई दचकल्याचं सोंग करते. मग मावशी लाटणं खाली ठेवते. "जाय. तुन्हाजोडे काहीच नई शे," असं म्हणते, आणि थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "मले बी ली जाय व."

"ऊठ मग, चाल," आई हात पुढे करते.

आणि मावशी दोन्ही तळवे खाटेवर रोवून खरोखरच उठायला बघते. पुढचं चित्रणात नाही, कारण मी मोबाइल टाकून तिला धरायला धावले होते.