वर्षाला पंधरा पानं

वाचनालयाच्या सेक्रेटरीनं माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. मागितलं नाही, काढून घेतलं. आणि गाईगुरांच्या रंगीत चित्रांचं एक मोठं पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं.

"हे धर गं म्हातारे. यात चित्रं हायत. सायेब आला का पान उलटत राहा. जोरात नको, फाटंल."

शेजारची बुधी पदरात तोंड घालून हसली. आम्ही आदिवासी वाडीच्या सहा जणी होतो, सहाही खुर्च्यांवर. आमच्या चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. गावातल्यांच्या मात्र पायातच होत्या.

सेक्रेटरी माझ्या मुलापेक्षा लहान. पण त्याच्या शेतावर आम्ही लावणीला जातो, म्हणून मी त्याला शेठ म्हणते आणि तो मला अगंतुगं करतो. असंच चालत आलंय.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, म्हातारी एका पुस्तकासाठी रडते.

आमच्या गावचं वाचनालय म्हणजे आधी एक पत्र्याची पेटी होती. एक मास्तर बदली होऊन जाताना देऊन गेले. पेटी देवळाच्या ओवरीत असायची. ओवरीत आम्ही वाडीवाले बसत नसू. बसू नका असं कुणी सांगितलं नव्हतं, पण बसत नसू. मग पेटीचं कपाट झालं. मग पंचायतीच्या मागं खोली झाली. त्या खोलीची रेती मी नदीवरून डोक्यावर वाहिली आहे. मग दारावर पाटी आली, 'सार्वजनिक वाचनालय'. त्यातला पहिला शब्द मला फार वर्षांनी लागला.

खोलीला सरकारचं अनुदान आहे, म्हणून वर्षातून एकदा तपासणी होते. साहेबाला आत वाचक दिसावे लागतात. बायका दिसाव्या लागतात. आदिवासी तर दिसावेच लागतात. आणि गावात वाचतंय कोण? पोरं मोबाइलवर, मोठी माणसं खोपोलीला कंपनीत. मग आदल्या दिवशी वाडीवर सांगावा येतो. आंघोळी करून या, बरं लुगडं नेसा, वडापाव मिळेल. आम्ही जातो. शेठला नाही कोण म्हणणार?

मला वाचता येतं हे त्याला माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मी लोधिवलीच्या फाट्यावर करवंदं, जांभळं घेऊन बसायचे. एसटी यायची, कंडक्टर ओरडायचा, कर्जत, खोपोली, पनवेल. मी पाटीकडे बघत राहायचे. कर्जतचा क, खोपोलीचा ख, पनवेलचा प. असं करत करत गाड्यांनीच शिकवलं. उरलेलं करवंदं बांधायच्या रद्दीनं.

चार वर्षांपूर्वीच्या तपासणीला खुर्चीवर बसले, हाताला आलेलं पुस्तक उघडलं, आणि वाचायलाच लागले. साहेबाला उशीर झाला, तोवर माझी पंधरा पानं झाली. मग पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप. पुढच्या वर्षी तेच शोधून काढलं आणि सोळावं पान उघडलं. असं चार वर्षं. वर्षाला पंधरा पानं. गेल्या वर्षी गोष्टीतली पोर म्हशीच्या पाठीवर बसून पुरात शिरली, आणि तेवढ्यात साहेब उठला. मी भात लावलं, कापलं, झोडलं, नातवाचं बारसं केलं. ती पोर पाण्यातच.

मध्ये एकदा संध्याकाळी जाऊन दारात उभी राहिले. म्हटलं, शेठ, ते पुस्तक घरी नेऊ का, वाचून आणून देते. त्याला वाटलं मी थट्टा करते. तो हसला, वही पुढं ओढली आणि म्हणाला, "तुझ्या नावावर आधीच लय पुस्तकं गेलीत. ती आण, मंग बघू."

तेव्हा समजलं, दर तपासणीला आमचे अंगठे कशावर घेतात ते. त्या वहीत वाडीच्या बायका महिन्याच्या महिन्याला पुस्तकं नेतात, वाचतात. वहीत मी गावातली सगळ्यात मोठी वाचणारी.

तर यंदा एकसष्टावं पान काढलं होतं, बोट ओळीवर होतं, आणि त्यानं ते काढून घेतलं.

साहेब आला. चहा झाला. जाता जाता आमच्याकडे वळून म्हणाला, काय आजी, आवडतं का पुस्तक? माझ्या आधी सेक्रेटरीच बोलला, लय आवडतं त्यास्नी. मी उठले. चित्रांचं पुस्तक खुर्चीवर ठेवलं.

"साहेब, मला वाचता येतं. पण यातलं एकही पुस्तक माझ्या घरी आलेलं नाही. नुसतं वहीत आलंय."

साहेबानं वहीकडं बघितलं, सेक्रेटरीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं.

"म्हातारी हाय सायेब, कायपन बोलते."

मला वाटलं, निदान एक ओळ वाचायला सांगेल. दारावरची पाटी तरी. तो नुसतं 'हं' म्हणाला आणि सही केली. गाडी खालापूरकडं निघून गेली. सेक्रेटरीनं ओल्या फडक्यानं सहाही खुर्च्या पुसल्या, आम्ही दारात असतानाच.

वडापाव मिळाला नाही. वाटेत बुधी बोलली, "तुला वाचाया येतं, मंग गप बसाया कसं येत नाय? आता लावनीला कोन बोलवंल गं आपल्याला?"

ती खोटं बोलत नव्हती. लावणीच्या दिवसांत आमच्या वाडीवरून टेंपो गेला, बाहेरच्या बायका भरून. आमच्या सहाही घरांतल्या बायका ओट्यावर बसून बघत होत्या. माझ्याशी कुणी बोलेना. घरात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू.

मग अर्ज लिहिला. तीन ओळींना तीन संध्याकाळी लागल्या. मला सभासद करून घ्या, माझ्या नावावर लिहिलेली पुस्तकं मी नेलेली नाहीत, आणि खाली माझं नाव. सेक्रेटरीनं तो खणात टाकला. पुढच्या सोमवारी दुसरा दिला, बघू म्हणाला. तिसरा हातात घेईना, मी टेबलावर ठेवला. चौथा, पाचवा. प्रत्येकाची नक्कल मी लिहून घरी ठेवली. परवा वैतागला. किती कागद नासशील, नाय म्हनून सांगितलं ना तुला.

मी पहिल्यांदाच त्याला शेठ म्हटलं नाही.

"तोंडी नको. नाही म्हणायचं तर कागदावर लिहून दे. खाली तुझी सही कर. मी वाचून घेईन."

त्यानं लिहून दिलेलं नाही. सोमवारी मी परत जाणार आहे. आणि तपासणीच्या खुर्चीवर आता मी बसणार नाही. सभासद म्हणून बसेन. नाहीतर वाचनालयाच्या रस्त्यावर उभी राहीन, साहेबाच्या गाडीच्या पुढ्यात, हातात सगळ्या अर्जांच्या नकला घेऊन.