खोटा सर्व्हर आणि दुसरबीडची लाइट

नोकरीत चोर पुष्कळ पाहिले, पण ज्या प्रकरणाची आठवण आली की मला आजही हसू येतं आणि बरंही वाटतं, ते लोणारचं. निवृत्तीआधीचं माझं ते शेवटचं ठाणं.

आठवडी बाजाराचा दिवस होता, निम्मा स्टाफ बंदोबस्तावर. एक विशीबाविशीतली मुलगी शिक्षक वडिलांसोबत आली. संगणकावर पुष्कळ जणांनी मिळून खेळायचा एक खेळ असतो, ठोकळे रचून गावं उभी करायची. त्याचा सर्व्हर ती चालवायची. सर्व्हर म्हणजे, मला समजलं तेवढं सांगतो, खेळणाऱ्यांचा अड्डा. जिल्ह्यातल्या पोरापोरींनी तिथे लोणारचं सरोवर काठच्या देवळांसकट बांधलं होतं.

मग कुणीतरी त्याच नावाचा, त्याच चित्राचा दुसरा सर्व्हर काढला. त्यात कायम गर्दी दिसे, म्हणून यादीत तो वर. आत शिरलं की पुन्हा पासवर्ड मागायचा. टाकला की खातं गेलं, अन् वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं त्याच्याबरोबर. आळ मात्र या मुलीवर.

"साहेब, लोक मले चोट्टी म्हणून राह्यले," ती म्हणाली. "बाबाच्या शाळेत पालक येऊन बोलून गेले. आता सर्व्हर बंद केला तर म्हनतीन, पकडली गेली म्हणून पळाली."

वडील मान वर करत नव्हते. माझं टाळकंच सरकलं. फिर्याद घेतली आणि दोघांना चहा पाजून पाठवलं.

पुढच्या आठवड्यात ठाण्याच्या फोनवर एका खेळाडूचा कॉल आला. नाव सांगायला तयार नव्हता. म्हणाला, "साहेब, त्या दुसऱ्या सर्व्हरात चाळीस जण दिसतेत, पण एकबी जण शिवी देत नाही. असं कुठं असते का?"

आयुष्य ठाण्यात काढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. चार पोरं खेळली की भांडण ठरलेलं. माझ्या शिपायाने नवं खातं काढून आत जाऊन पाहिलं. कुणी भांडेना, कुणी 'जेवून येतो' म्हणेना. सगळी गर्दी बनावट, यंत्राने हलणाऱ्या बाहुल्या.

पण चालवतो कोण? पत्ता परदेशातला दाखवत होता. तिथल्या सर्व्हर-कंपनीला पत्र गेलं, उत्तर काही येईना. शिपाई बिचारा दिवसभर पडद्याला डोळे लावून बसायचा. एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, हा सर्व्हर मधूनच बंद पडते, अन् दोन-तीन तासांनी आपोआप सुरू होते."

"मंग हे लोडशेडिंग आहे बे!" मी उडालोच. "परदेशात कुठलं आलं लोडशेडिंग? हा कुणाच्या तरी घरून चालते, तो पत्ता नुसता मुखवटा."

सर्व्हर बंद पडला की ओळखीच्या गावांत फोन लावायचे, असं ठरलं. देऊळघाटला लाइट होती. मेहकरकडेही होती. शिपायाची सासुरवाडी दुसरबीडची, त्याने सासूला फोन लावला.

"मामी, लाइट आहे का?"

"आत्ताच गेली, जवाईबापू. दळण गिरणीतच अडकलं. काऊन, तुम्ही येऊन राह्यले का?"

त्यानंतर मामींना रोज फोन सुरू झाले. जावई सुधारला, असं त्या गावभर सांगत सुटल्या. इकडे दर वेळी मेळ बसत होता. दुसरबीडची लाइट गेली की सर्व्हर बंद, लाइट आली की सुरू.

मुलीला विचारलं, दुसरबीडचं कोणी ओळखीचं? एक तरुण निघाला. पूर्वी तिचा मदतनीस होता, नव्या खेळाडूंना त्रास देतो म्हणून तिनेच काढलेला. गंमत म्हणजे, खाती गेलेली पोरं ठाण्यात तक्रारीला आली, तेव्हा 'माझंही खातं चोरलं' अशी बोंब मारत सगळ्यांच्या पुढे हाच उभा होता. जो जास्त ओरडतो त्याच्याकडे एकदा नीट पाहावं, हा आमचा जुना नियम.

चौकशीला बोलावला. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी चहा मागवला.

"ताईचंच काम आहे, साहेब."

"असू दे. तुह्या गावची लाइट कवा जाते, ते सांग."

त्याने सगळं वेळापत्रक घडाघडा सांगितलं.

"तो सर्व्हरबी तवाच जाते," मी म्हणालो. "पत्ता परदेशातला, अन् लाइट दुसरबीडची?"

त्याने कप खाली ठेवला. मग एकदम रडायलाच लागला. "तिनं मले सगळ्यांसमोर काढलं, साहेब. तिचं नाव खराब व्हावं म्हणून पासवर्ड घेतले. माह्याकडं तिच्यापेक्षा जास्त लोक येतेत, हे मले दाखवायचं होतं."

"आलं कोण रे पण? बाहुल्या?"

पंचांसमक्ष संगणक जप्त केला, खाती ज्याची त्याला परत मिळाली, दोषारोपपत्र कोर्टात गेलं. माझ्या लेखी काम संपलं होतं. पण ती मुलगी पुन्हा आली.

"साहेब, एवढं एक करा. हे तुम्ही स्वतः आमच्या सर्व्हरावर सांगा. माह्या तोंडून कोणी मानत नाही."

रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. सर्व्हरावर सगळे खेळणारे जमले होते. मी दोन बोटांनी टाइप केलं, 'मी ठाणेदार. खोटा सर्व्हर चालवणारा सापडला आहे. या मुलीचा त्यात काडीचाही संबंध नाही.'

मग एकाने लिहिलं, 'ताई, चुकलो.' मग दुसऱ्याने. मग ओळीच लागल्या. इतके दिवस मान खाली घालून वावरणारे तिचे वडील खुर्ची ओढून पुढे सरकले आणि एकेक निरोप मोठ्याने वाचायला लागले, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असा. मुलगी हसत होती.

चोर सापडला की आमची फाइल बंद होते. ज्याच्यावर आळ आला त्याची होत नाही, हे मला नोकरीच्या अगदी शेवटी कळलं. ज्या चारचौघांत आळ आला, त्याच चारचौघांत जाऊन तो पुसावा लागतो. ते काम वर्दीचंच आहे.