इंजिनावरचा डबा आणि एसीचा ई-फोर

मंडळी, आज दुपारी मोहाडीच्या घरातला गरम-थंड एसी बंद पडला आणि पडद्यावर ‘ई-फोर’ उमटलं. त्याचा अर्थ शोधायला मी माहितीपुस्तिका उघडली.

शेजारी बसलेल्या आईनं विचारलं, “काय म्हणून राहिला तो?”

त्या एका प्रश्नानं मी ऐंशीच्या दशकात पोचलो. तलावाकाठी धानाला पाणी देणारा पंप चालवणारं आमचं डिझेल इंजिन होतं. आवाज घरापर्यंत यावा म्हणून बाबांनी त्याच्या धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा अडकवला होता. दिवसभर त्याची टुकटुक धानावरून तरंगत यायची. आवाज जरा हलका झाला की चुलीपाशी बसलेली आई म्हणायची, “पंप पाणी ओढून नाही राहिला. पऱ्हे वाळतीन.” आणि धानाची रोपं वाचवायला पदर खोचून बांधावरून निघायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

पुस्तिकेत लिहिलं होतं, जाळी धुळीनं भरली आहे. मी जाळी धुतली, एसी सुरू झाला.

आईनं बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग हळूच म्हणाली, “हा लिहून सांगते बापा. मले कुठं वाचता येते?”

तुमच्या घरात आईला कळेल असं बोलणारं एखादं मशीन उरलंय का?