शेंदराखालचा नंबर

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. अधिक महिना ज्येष्ठात आला होता आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होता. सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणे मला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. या महिन्यात जावयाला जाळीदार वस्तू वाण म्हणून देतात: अनारसे, बत्तासे, ऐपत असेल तर चांदीचं काही. मी हिशेब खात्यात नोकरीला, सायकलनं कामावर जाणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस. तेहतीस अनारसे घेऊन घरी जायचं, एवढीच माझी अपेक्षा होती. तबकात अनारशांवर एक किल्ली ठेवलेली होती.

"मोटारची आहे," मामाजी म्हणाले. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. "जाळीदारच द्यायचं असते ना? रेडिएटरले जाळी आहे."

सगळे हसले. माझा मेहुणा तेवढा हसला नाही. तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, तो तसाच आत गेला.

मामाजी खाप्याजवळच्या मँगनीजच्या खाणीवर स्टोअरकीपर होते. तिथला इंग्रज मॅनेजर देश सोडून जाताना त्यांना ही मोटार विकून गेला. दोनच माणसं बसतील अशी, लांब नाकाची, कापडी टपाची हिरवी गाडी. शर्यतीची आहे, असं ते सांगायचे. धंतोलीतल्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये ती असायची. पूर्वी तिथून सहज निघत असे. पुढे दोन्ही बाजूंना दवाखाने झाले, गल्लीत रिक्षा आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या स्कूटर लागू लागल्या, आणि गाडी दसऱ्यालाही फाटकापर्यंतच जाऊन परत यायची. पण घरी आलेला पाहुणा शेड पाहिल्याशिवाय सुटत नसे. मामाजी बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "साहेबानं दिलं तेच इंजिन आहे. एक बोल्ट बदलला नाही."

मला गाडी चालवता येत नव्हती. ठेवायला जागा नव्हती. तसं मी म्हटलंही.

"शिकाल," मामाजी म्हणाले. "मुलाच्या हाती देऊ काय? त्याले एकदा दिली होती."

तो किस्सा घरात सर्वांना ठाऊक होता. मेहुण्यानं तरुणपणी न विचारता गाडी बाहेर काढली आणि नालीत घातली. तेव्हा मामाजींनी त्याला बजावलं होतं की पुन्हा गाडीला हात लावला तर या घरात राहायचं नाही. ते बोलल्याप्रमाणे वागणारे होते. आता मेहुण्याचं लग्न झालं होतं, मुलं होती, पगार बेताचा होता. बापलेक एकाच घरात राहून सासूबाईंच्या मार्फत बोलायचे.

मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली. वाण परत केलं तर तिच्या माहेरचा अपमान, आणि तो तिला जन्मभर ऐकावा लागला असता. मी किल्ली उचलली.

"गाडी महिना संपायच्या आत तुमच्या नावावर चढली पाहिजे," मामाजी म्हणाले. "नंतर दिलं तर ते वाण नाही."

नाव बदलायच्या फॉर्मवर चासीचा आणि इंजिनाचा नंबर लागतो. नुसता लिहून चालत नाही. नंबर कोरलेल्या जागी कागद धरून वरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उठतात. मामाजींना मोतीबिंदू झाला होता, बारीक आकडे दिसत नव्हते. हे काम माझं.

रविवारी सकाळीच आम्ही शेडमध्ये गेलो, तरी टिन तापलं होतं. मामाजी खुर्ची टाकून बसले. सासूबाई तेलाची वाटी आणि फडकं घेऊन आल्या, कारण दोन्ही नंबरांच्या जागी शेंदूर होता. दर दसऱ्याला गाडीची पूजा त्याच करायच्या. बॉनेट उघडलं की सपाट अशा जागा दोनच: मागच्या पत्र्यावरची चासीची पट्टी आणि इंजिनाच्या कुशीतला बोटभर चौकोन. तेलात कालवलेला शेंदूर त्या दोन्ही ठिकाणी लावत. जुना कधी काढत नसत. वरून नवा लावायचा.

"देवाचं काम आहे, मीच काढते," त्या म्हणाल्या.

चासीवरचा शेंदूर निघेना. मारुतीच्या अंगावर असतो तसा थरावर थर चढलेला होता. त्यांनी चमच्याच्या दांड्यानं खरवडला तेव्हा खपल्या पडल्या. मी कागद धरला, पेन्सिल घासली. नंबर आरसी बुकाशी जुळला.

मग त्यांनी इंजिनावर फडकं फिरवलं. एकदा फिरवताच शेंदूर पुसला गेला. थर नव्हताच म्हणावा इतका पातळ.

दोन्हींची पूजा एकाच दिवशी, एकाच वाटीतून, तितक्याच वर्षांची. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या फडक्याची घडी करत राहिल्या. नंबर उठवायच्या आधीच मला कळलं होतं. तरी मी उठवला. आरसी बुकापेक्षा सुरुवातीची अक्षरं वेगळी, आकडेही वेगळे.

मामाजींना पुस्तकाची गरज नव्हती. त्यांनी इंजिनाचा नंबर एखाद्या श्लोकासारखा म्हटला आणि म्हणाले, "वाचा आता. जुळते का पाहू."

माझी पाठ भिंतीला, पुढे गाडीचं लांब नाक, पलीकडे त्यांची खुर्ची. बाहेर पडायला एकच दार, आणि त्या दारात मेहुणा उभा. खात्यात वीस वर्षं मी दुसऱ्यांचे आकडे वाचून दाखवले होते. एकदाही दोनाचे तीन केले नव्हते. नाकावरून घामाचा थेंब कागदावर पडला.

"कागद भिजला," मी म्हणालो. ते खरं होतं. "पुढच्या रविवारी पुन्हा घेतो."

मेहुण्यानं मला फाटकाशी गाठलं.

"भाऊजी, नाव बदलून काय करता? राहू द्या ना असंच."

"इंजिन कधी बदललं?"

"बाबाचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा. शेजारच्याच दवाखान्यात होते. घरी यायच्या दिवशी गाडीत आणायचं माझ्या मनात होतं. म्हणून आदल्या दिवशी पहाटे, गल्ली मोकळी असताना काढून खाप्याच्या रस्त्यानं चालवून पाहिली. रेडिएटर गळत होता, माझ्या ध्यानात नाही आलं. इंजिन जाम झालं, ब्लॉकले चीर गेली. मेकॅनिकनं त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं बसवून दिलं."

"आणि जुनं?"

"भंगारात. तुम्ही साधा एक नंबर वाचू शकत नाही का, पुस्तकात आहे तसा?"

"फॉर्मवर पेन्सिलीचा कागद लागतो. तो खोटा करता येत नाही."

"म्हंजे करता आला असता तर केला असता?"

"नाही," मी म्हणालो. "मी जे आहे तेच वाचीन. त्याच्या आधी तुम्ही सांगा."

"सोपं आहे तुमचं. तुमचं सामान नाही रस्त्यावर येत."

हे खरं होतं. मी सायकल काढली. आठवडाभर मी हिशेब मांडत राहिलो. गाडी नाकारली तर सासर तुटतं, घेतली तर फॉर्म, आणि फॉर्म भरला तर मेहुण्याचा संसार उठतो. बेरीज कुठूनही केली तरी उत्तर तेच येत होतं.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा शेडमध्ये. मी कागद काढला. मामाजींनी नंबर म्हटला. मी घसा साफ केला आणि पहिलं अक्षर वाचलं.

"बाबा," मेहुणा दारातून म्हणाला, "साहेबाचं इंजिन नाही ते."

मामाजींनी मान वळवली नाही. मुलानं सगळं सांगितलं, रेडिएटरसकट. ते ऐकून घेऊन त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तुले माहीत होतं?"

"दसऱ्याला बॉनेट उघडलं तर इंजिन कोरं होतं. शेंदूर नाही, काही नाही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही दवाखान्यातून घरी आले होते. मले तेवढंच पाहिजे होतं."

घर सोड, असं मामाजींनी मुलाला म्हटलं नाही. मला म्हणाले, "जवाईबापू, किल्ली द्या. वाणात बदललेली वस्तू देता येत नाही." मी किल्ली दिली. मला चांदीची जाळीदार फुलदाणी मिळाली, आणि मी सुटलो असं वाटलं.

सुटलो नव्हतो. त्यानंतर पाहुणा आला की मामाजी मला बोलावून घेत. शेडमध्ये नेत, बॉनेट उघडायला लावत आणि म्हणत, "जवाईबापू, यांना इंजिनाचा नंबर वाचून दाखवा." मी वाचायचो. मग ते जुना नंबर पाठ म्हणायचे. पाहुण्याला विशेष काही कळत नसे, मेहुण्याला कळायचं. त्याला दारात उभं राहावं लागे. मुलाला घराबाहेर काढलं नव्हतं, पण दर पाहुण्याला थोडं थोडं काढत होते, आणि ते माझ्या तोंडून. नाही म्हणावं तर मी तरी काय कारण सांगणार? आकडे खरे होते.

दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो. मामाजींचे खाणीवरचे जुने सोबती आले होते. मामाजींनी मला हाक मारली. मी शेडमध्ये गेलो तर सासूबाई आधीच तिथे होत्या. बॉनेट उघडं होतं, समोर वाटी होती. एरवी त्या बोटानं लावत. त्या दिवशी मूठभर शेंदूर तेलात घट्ट मळून त्यांनी त्या चौकोनावर थापला, अंगठ्यानं दाबला, कडा सारख्या केल्या. वर झेंडूचं फूल चिकटवलं. आकडा तर सोडाच, चौकोनही दिसेना.

मामाजी मागून म्हणाले, "वाचा, जवाईबापू."

"शेंदूर आहे," मी म्हणालो.

"पुसा."

सासूबाई पदराला हात पुसत वळल्या. "पुसा ना," त्या मामाजींना म्हणाल्या. "आजच्या दिवशी देवाचा शेंदूर तुम्हीच पुसा. जवायाला काहून सांगता?"

सोबती शेडबाहेर उभे होते. मेहुणा दारात होता. मामाजींनी हात पुढे केला, चाचपडत इंजिनापर्यंत नेला. बोटं शेंदराला लागली आणि तिथंच थांबली. ओला होता. त्यांनी हात मागे घेतला, लाल झालेली बोटं डोळ्यांजवळ धरून पाहिली, आणि बोलले ते मुलाशी, कितीतरी वर्षांनी सरळ त्याच्याशी.

"बॉनेट लाव," ते म्हणाले. "सावकाश. कडी सैल आहे."