सूयुनकाकूची पिवळसर अळंबी

तोंगज्यांगच्या आमच्या डोंगरात ओकच्या ओंडक्यांवर रुपेरी अळंबी पिकते. पांढरी, थलथलीत, फुलासारखी उमललेली. माझी थोरली काकू, यान सूयुन, लग्न होऊन सपाटीवरून आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या हातून ओंडके ठेवायची झोपडी जास्त ओली झाली आणि अर्धे ओंडके हिरव्या बुरशीनं गेले. आजोबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिनं मात्र त्याच झोपडीत ठाण मांडलं. दोन वर्षांत हवेत ओल किती आहे ते ती गालाला काय जाणवतं त्यावरून सांगू लागली.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. शहरातले व्यापारी म्हणायला लागले, माल पांढराशुभ्र पाहिजे. आमची अळंबी वाळली की पिवळसर पडते. मग ती पांढरी करायला घराघरांतून गंधकाची धुरी सुरू झाली. काकूनं साफ नकार दिला.

काका वैतागले. "अगं, लोकांना पांढरं हवंय तर दे की पांढरं! तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. खाणाऱ्याच्या घशाचं काय?"

"खाणारा तुझा कोण लागतो?"

"तुम्हीच खा मग धुरी दिलेली. खोकलात तर मी उठणार नाही."

दोन हंगाम आमची पोती माळ्यावर पडून राहिली. काका जेवताना माळ्याकडे बघत आणि सुस्कारे टाकत. शेवटी एका सकाळी काकूनं शेगडी, मोठं पातेलं, लाल बोरं आणि खडीसाखर पाठीवरच्या टोपलीत भरली आणि मला म्हणाली, "चल, वाट्या घे."

तालुक्याच्या बसस्टँडबाहेर तिनं शेगडी पेटवली. अळंबी मऊ व्हायला तीन तास लागले. खळीसारखी दाट खीर झाली, पण कुणी फिरकेना. "फुकट आहे, विष नाही!" काकू ओरडली, तर लोक आणखीच लांबून जाऊ लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी गोउ नावाचा बसड्रायव्हर आला. धुळीनं घसा बसलेला, आवाज बेडकासारखा. एक वाटी प्यायला, मग दुसरी, तिसरीला त्यानं डोळे मिटले.

"वहिनी, ही इतकी पिवळी कशी?"

"कारण ती अळंबी आहे, चुना नाही."

तो खो खो हसला. शेजारच्या दुकानातून पांढरी अळंबी आणवून त्यानं वाटीभर गरम पाण्यात टाकली. नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "काडेपेटीचा वास!" मग त्यानं ती वाटी बसमधल्या प्रत्येक प्रवाशाच्या नाकाखाली धरली. बस वीस मिनिटं उशिरा सुटली, पण आमचं पातेलं रिकामं झालं.

त्यानंतर गोउ दर खेपेला आमची पाकिटं नेई आणि वाटेतल्या गावांत विकून येई. माळा तीन महिन्यांत मोकळा झाला. काकांनी आपलं चुकलं असं कधीच कबूल केलं नाही. पण कुणी गंधकाचं नाव काढलं की आता तेच आधी भांडायला उठतात.

काकू चौऱ्याहत्तरची आहे. गुडघे दुखतात, तरी ओंडके फिरवायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मागच्या महिन्यात मी गेले तर दारातच म्हणाली, "किती वाळलीस गं! बस, पातेलं चुलीवरच आहे."