स्वतःचंच बिल अडवणारे काका

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या प्लास्टरवाल्या काकांचा. आणि स्वतःचंच बिल अडवून धरणारा कंत्राटदार अख्ख्या चेन्नईत त्यांच्याखेरीज दुसरा नसेल. काकांचं घराणं तंजावरचं मराठी, जीभ निम्मी तमिळ. श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्याच्या बांधकामावर मी बिलिंगला लागलो, तेव्हा घरातला पहिला पदवीधर म्हणून मान ताठ होती. भिंत मात्र मोजता येत नव्हती. पहिल्याच बिलात मी काकांच्या प्लास्टरमधून खिडक्या दोन्ही बाजूंनी वजा केल्या. रिवाज एकाच बाजूचा. दुसरी बाजू वजा करत नाहीत, कारण खिडकीच्या आतल्या कडांनाही प्लास्टर लागतं. काका तक्रार घेऊन साहेबांकडे गेले असते, तर माझी नोकरी पक्की झाली नसती. त्यांनी मला खिडकीत बसवून हातात टेप दिली आणि तमिळ रीतीनं 'धाकट्या भावा' अशी हाक मारून विचारलं, "तंबी, ह्या कडा काय तुझ्या मामानं केल्या पा?" नंतर महिनाभर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला मोजमाप शिकवलं, वर स्वतःच्या डब्यातला दहीभातही खाऊ घातला.

भिंत दिसली की ती बोटाच्या पेरानं वाजवायची, ही त्यांची खोड. ठक्क वाजली तर प्लास्टर धरलंय, भद्द वाजली तर आत पोकळ. अड्यारला माझ्या खोलीवर आले, तेव्हा जिन्यातच वाजवत बसले. घरमालकीण तीनदा दार उघडून गेली. चौथ्यांदा काकाच म्हणाले, "अम्मा, तुमच्या भिंतीनं प्लास्टर सोडलं आहे."

आता आमच्या धंद्यात कंपनी प्रत्येक बिलातले पाच टक्के मागे ठेवते. काम संपून वर्षभर काही बिघडलं नाही, तर ते परत. तोवर साइट उठलेली, माणसं बदललेली. निम्मे लोक नादच सोडतात. काकांना ते पैसे हवे होते. धंदा आवरून त्यातून आठ जुन्या मिस्त्र्यांना शेवटचं काहीतरी द्यायचं होतं. वर्ष भरलं. कारखान्याच्या मालकाचा इंजिनियर पाहणी उरकून सहीसाठी पेन काढतोय, तोच काका कोपऱ्यातून ओरडले, "थांबा सार! इथं पोकळ आहे."

मी जवळ जाऊन त्यांच्या पायावर पाय दिला. "काका, गप्प बसा ना!"

"मी गप बसतों पा. भिंत कशी बसेल?"

सही राहिली. काकांनी पदरच्या खर्चानं तेवढा तुकडा नवा केला, तोवर इंजिनियरची बदली झाली. नव्या साहेबांना फाइल पहिल्या पानापासून हवी होती. काका तंजावरला परतले आणि मी चार महिने ती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेत राहिलो. शेवटी हे पत्र पाठवलं:

"ती. काकांस साष्टांग नमस्कार. तुम्हाला देवनागरी जड जाते, म्हणून अक्षर मोठं काढलंय. काल सही झाली. पैसे आज तुमच्या खात्यात जमा झाले, पूर्ण पाच टक्के. मिस्त्र्यांना माझा नमस्कार सांगा. शेवटची रक्कम दिली की आमच्या यादीत कंत्राटदाराच्या नावापुढे 'काम बंद' असं लिहायचं असतं. ते माझ्याकडेच आहे. आज लिहिलं नाही. उद्या लिहीन."