शेवटचा भाग सत्तारकडे

त्या हिवाळ्यात आमची कंपनी बर्फातल्या पोस्टवर चढली, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवरचं ओझं तोलून दिलेलं होतं. तरी लान्स नाईक सत्तारनं आपल्या पिट्टूत एक कादंबरी खुपसलीच. घोडे, पिस्तुलं, शेरीफ आणि दरोडेखोर असलेली, कडा कुरतडलेली जुनी मराठी पॉकेट बुक. सुभेदार साहेबांनी ती बाहेर ओढली.

"इसका वजन कौन उठाएगा?"

"मैं, साहब."

विषय संपला.

सत्तार परतूरचा, मी भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचा. एका जिल्ह्याचे म्हणून पलटणीत आम्हाला एकत्रच हाक मारायचे. त्याच्या वडिलांचं, रशीदचाचांचं, परतूरला रद्दीचं दुकान. तिथं ही पुस्तकं किलोवर यायची. चाचांचं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठी वाचता येत नसे. मग सत्तार दुकानात गठ्ठ्यावर बसून वाचायचा आणि वाचता वाचता घरच्या बोलीत सांगायचा. शेरीफ परतूरच्या दुकानदारासारखा बोलायचा. गिऱ्हाईकं तराजू सोडून ऐकत उभी राहायची.

पोस्टवर मोबाइल नव्हते, खालीच जमा झालेले. पुस्तक एक आणि वाचणारे सगळे. सत्तारनं बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, उबेला पुस्तकाचा कणा धरला, डिंक मऊ झाल्यावर हलकेच सोलला आणि कादंबरीचे भाग सुटे केले. एकाचा वाचून झाला की दुसऱ्याच्या हातात. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजारचा हिंदीत सांगे. पाळीवरून भांडणंही झाली. पंजाबचा एक जवान तर आपला भाग उशीखाली घेऊन झोपायचा. फक्त शेवटचा भाग सत्तार कुणाला देईना. तो त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात. कुणी आधी वाचून बोंबलू नये म्हणून.

लोक मला विचारतात, एवढा मोठा माणूस अजून ही घोड्यांची पुस्तकं काय वाचतोस? हसतात. हसू दे. त्या पुस्तकांतला मुलूख मला परका वाटलाच नाही कधी. ओसाड माळ, काटेरी झुडपं, धुळीचं एक गाव आणि विहिरीच्या पाण्यावरून पेटलेली माणसं. एप्रिलात हसनाबादच्या शिवारात उभं राहून बघा. पण खरं कारण तेही नाही. त्या पुस्तकांत अडकलेल्या माणसासाठी कुणीतरी निघतं. परवानगी मागत नाही, वाट बघत नाही, घोड्यावर बसतं आणि निघतं. फौजेत कुणी असं निघत नाही. म्हणूनच फौजी ती पुस्तकं एवढी वाचत असावेत.

जानेवारीत सत्तारची पाळी पुढच्या पोस्टवर लागली. आमच्या वर, डोंगराच्या धारेच्या आडोशाला फायबरची एक हट, तयार झोपडी. माणसं तीन: नाईक किसन, शिपाई प्रभू आणि सत्तार. निघताना मी म्हणालो, "शेवटचा भाग ठेवून जा की."

"न्हाई. तुझं वाचून कुठवर आलंय?"

"हिरोचा दोस्त दरीत जखमी पडलाय. दरोडेखोर चहूबाजूंनी. शेरीफ म्हणतो, कुणी जायचं न्हाई."

"मंग थांब. मी खाली आल्यावर वाचू. इतकी जल्दी काय तुला?"

रोज सकाळच्या रिपोर्टनंतर मी रेडिओवर हळूच विचारायचो, पुढं काय झालं? तो म्हणायचा, "मौसम साफ. सब ठीक. ओव्हर." आणि हसू दाबायचा.

नवव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास वरून आवाज आला. मालगाडी पुलावरून जावी तसा. बाहेर आलो तर धारेखालचा अख्खा उतार पांढऱ्या धुळीत गेलेला. मी रेडिओ सेटवर बसलो. बराच वेळ नुसती खरखर. मग सत्तारचा आवाज, अगदी बारीक.

"हट दबली. दरवाजा बंद. किसन और प्रभू बाहर थे. बर्फ निकाल रहे थे. आवाज नहीं आ रही उनकी. ओव्हर."

"तुम्हारी हालत?"

"पैर फंसा है. सांस ठीक. ओव्हर."

आम्ही दोर, फावडी, स्ट्रेचर घेऊन तयार झालो. सुभेदार साहेबांनी कंपनी कमांडरशी बोलून घेतलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "कोई नहीं जाएगा." वाटेच्या वर निम्मा बर्फ अजून लटकलेला होता. मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला परत सेटवर बसवलं. "उससे बात करते रहो. मराठी में करो. बैटरी बचाके."

हुकूम बरोबर होता. हे मी पुन्हा लिहितो, कारण ऐकणारे लगेच साहेबांना शिव्या देतात. दुपारी वरचा उरलेला बर्फ सुटला आणि ज्या वाटेनं आम्ही जाणार होतो त्याच वाटेवर येऊन पडला. निघालो असतो तर सहाजण त्यात गेले असते. मीही.

थोड्या थोड्या वेळानं सेट चालू करून तो एखादं वाक्य बोलायचा. पाय दुखायचा थांबला म्हणाला, म्हणजे पाय गोठून बधिर झाला होता. ते ऐकून सुभेदार साहेब बाहेर निघून गेले. दुसरा बर्फ पडल्यावर सत्तारनं विचारलं, "आत्ता काय पडलं? तुमी निघाले काय?"

"अजून न्हाई. हुकूम यायचाय. येऊन राह्यलो आम्ही. तू जागा राहा फक्त."

"बराबर."

ऊन उतरलं तेव्हा त्याचा आवाज फार हळू झाला होता.

"भागवत."

"बोल."

"शेवट सांगू का तुला?"

शेवट ऐकला की हा जाईल, असं वाटलं मला.

"न्हाई. बिलकुल न्हाई. तू खाली ये, मंग वाचू दोघं."

मी बटण सोडलं.

"बरं," तो म्हणाला. ओव्हर म्हणाला नाही. त्यानंतर सेटवर फक्त खरखर राहिली. मी दुसऱ्या दिवशीही त्याला हाका मारत होतो. शेवटी कुणीतरी माझ्या हातातून सेट काढून घेतला.

त्याचं सामान परतूरला गेलं. त्यात कोटाच्या खिशातला तो भागही होता. पेन्शन घेऊन मी गावी आलो, जालन्याला एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो आणि पहिल्या सुट्टीला रेल्वेनं परतूर गाठलं. चाचांनी गल्ल्यामागून ती पानं काढली. ओली होऊन वाळल्यानं फुगली होती, पण अक्षरं शाबूत होती.

"मेरेकू तो आता नै. तू पढ़."

मी त्याच गठ्ठ्यावर बसून वाचलं. शेरीफ नको म्हणतो. हिरो घोड्यावर बसतो. बसतोच. रात्रभर दौडतो, दरीत उतरतो, गोळ्या चुकवतो. दोस्ताचे डोळे मिटत आलेले असतात. तो त्याचं डोकं मांडीवर घेतो आणि पाणी पाजतो.

"पोहोंचा क्या उनो?" चाचांनी विचारलं. "टैम पे?"

"पोहोंचा, चाचा."

चाचांनी तराजूचं रिकामं पारडं हातानं थांबवलं. मग म्हणाले, "मतलब सत्तार को मालूम था. दोस्त आतै करके."

मला पुढं वाचता आलं नाही. त्या उजेड नसलेल्या हटमध्ये पडून तो मला गोष्टीचा शेवट सांगायला निघाला होता. त्याला तेवढंच म्हणायचं होतं, की ये. आणि मी त्याला तेही म्हणू दिलं नाही.

चाचा अजून ती पुस्तकं रद्दीतून बाजूला काढून ठेवतात. मी जातो, वाचतो. दरवेळी शेवटाला येतो, तसा त्यांचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. प्रत्येक पुस्तकात तो पोहोचतोच. मला त्याचा राग येतो आणि पुढच्या सुट्टीला मी पुन्हा जातो.

नाईक किसन. शिपाई प्रभू. लान्स नाईक सत्तार. आम्ही त्यांच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी पोहोचलो.